आरव्हीचा फ्रिज दुपारी हात टेकतो

विषय: आरव्हीचा फ्रिज – मदत हवी

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी आम्ही जुना ट्रेलर घेतला, म्हणजे आरव्ही, राहायची सोय असलेली गाडी. त्यातला फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवर चालतो. गेल्या आठवड्यात बाहेर ९८ फॅरनहाइट होतं तेव्हा दुपारी चारला फ्रिजच्या आत ५३ होतं. पहाटे उठून बघते तर ३९! फ्रीझरमधला बर्फ मात्र शाबूत. सेटिंग सगळ्यात गारवर नेलं, तरी ढिम्म फरक नाही. एका मेकॅनिकने गाडी न बघताच फोनवर सांगितलं, "कूलिंग युनिट गेलं, बदला." खरंच बदलावं लागेल का? फ्रिज स्लाइड-आउटमध्ये, म्हणजे गाडीच्या बाहेर सरकणाऱ्या भागात आहे, याने काही फरक पडत असेल तर सांगते.

---

उत्तर: आरव्हीचा फ्रिज – मदत हवी

ताई, फ्रिजच्या नळ्यांमधला गारवा देणारा गॅस कमी झाला असेल. भरून घ्या. आमच्या घरच्या फ्रिजचं अगदी असंच झालं होतं.

---

उत्तर: आरव्हीचा फ्रिज – मदत हवी

दादा, रागावू नका, पण घरच्या फ्रिजचं औषध इथे लागू पडत नाही. यात कॉम्प्रेसरच नसतो. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. खालून आच द्यायची, ती गॅसची असो की हीटरची. अमोनिया उकळून वर जातो, मागच्या पातळ पत्र्यांच्या (फिनच्या) नळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, थंड होऊन द्रव होतो आणि मग आत येऊन गारवा देतो. १९२२ साली स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी बसवलेली ही युक्ती, अजून तीच चालू आहे. नळ्या कारखान्यातच झाळून बंद केलेल्या असतात, त्यामुळे भरायला वाटच नाही.

ताई, मला तुमच्या पत्रातलं पहाटेचं ३९ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. युनिट मेलेलं असतं तर ते रात्रीही उठलं नसतं. मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर गोष्ट वेगळी: लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा, तिथे ज्योत नको. तसं काही नसेल तर फ्रिजला गारवा करता येतोय, त्याला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये. आपण मात्र आतलं बटण फिरवत बसतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

म्हणून फ्रिजच्या पाठीमागे बघा. बाहेरची खालची जाळी काढा. गार हवा तिथून आत शिरून, कंडेन्सरला घासून वरून निघून गेली पाहिजे. छतावर व्हेंट असेल तर चिमणीसारखी ओढ लागते. तुमचा स्लाइड-आउट आहे म्हणताय, म्हणजे वरचा व्हेंटही भिंतीतच असणार. तिथे गरम हवा व्हेंटच्या वरच्या कोपऱ्यात कोंडून बसते. शिवाय नळ्या आणि मागची भिंत यांच्यात इंचभराहून जास्त फट असेल तर हवा कंडेन्सरला न शिवता बाजूने सटकते. ती फट पत्र्याने अडवायची, म्हणजे हवेला कंडेन्सरमधूनच जावं लागतं. आणि कंडेन्सरच्या खाली १२ व्होल्टचे एक-दोन छोटे पंखे, वर फुंकणारे. संगणकातले चालतात.

पाणसळ फ्रीझरच्या तळावर ठेवून बघा. डावी-उजवीकडे साधारण ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंत कल चालतो. गाडी चालत असताना हलण्याचं काही नाही, पण तिरकी उभी करून फ्रिज तासन् तास चालवला तर उकळीच्या नळीत क्षार साचतात आणि मग मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं.

आणखी एक, जे फारसं कुणी बघत नाही. विजेवर चालवत असाल तर प्लगमधलं व्होल्टेज मोजा. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, पण सगळ्यांचे एसी चालू असतात तेव्हा १२० चे १०८ होतात. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की हीटरची उष्णता १९ टक्के कमी होते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने बदलते. म्हणजे नेमक्या कडक उन्हात आच मंद. दुपारी गॅसवर करून पाहा. उलट गॅसवरच गारवा कमी असेल तर बर्नरवर काजळी किंवा कोळ्याचं जाळं असणार. ज्योत निळी हवी. गॅसच्या बारीक भोकात तार मात्र घालू नका.

आणि ५३ वर ठेवलेलं नाशवंत काही खाऊ नका. ४० च्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर टाकून द्या.

हे सगळं उंटावरून शेळ्या हाकणं आहे, मोजून आकडे कळवा.

---

उत्तर: आरव्हीचा फ्रिज – मदत हवी

काका, मोजले. दुपारी व्होल्टेज ११०. पिवळी पूड नाही, वास नाही. मागे चांगली तीन बोटं फट आणि खालच्या जाळीत गांधीलमाशीचं जुनं घर! यांनी ते काढलं, पत्रा वाकवून फट बुजवली, दोन पंखे बसवले. थर्मिस्टर म्हणजे आतल्या फिनवरची तापमान मोजणारी छोटी क्लिप, मॅन्युअल बघून थोडी वर सरकवली. मीही फ्रिज गच्च भरणं सोडलं, हवेला फिरायला जागा ठेवली. आदल्या रात्री सुरू करून सकाळी गार झालेल्या वस्तूच आत ठेवल्या. आणि ट्रेलर असा उभा केला की फ्रिजची बाजू दुपारभर सावलीत राहील.

काल बाहेर ९७, आत चारला ४३. तेव्हा गॅसवर केला, तर सहाला ४०.

---

उत्तर: आरव्हीचा फ्रिज – मदत हवी

माझं औषध मागे घेतो! ताई, पंख्यांना वीज कुठून दिली? आणि थंडीत ते हातानेच बंद करायचे का?

---

उत्तर: आरव्हीचा फ्रिज – मदत हवी

फ्रिजच्या मागेच १२ व्होल्टची जोडणी असते दादा, तिथून घेतली, मध्ये छोटा फ्यूज टाकून. थर्मोस्टॅट स्विच कंडेन्सरला चिकटवलाय. तो तापला की पंखे सुरू, निवला की बंद. रात्री घुर्र आवाज येतो, त्याची सवय करतोय.