मदत हवी आहे: भाडेकरूंसह घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत जुनं दुमजली घर विकायला आहे. वर दोन खोल्या, खाली दोन भाडेकरू. वरचा मजला मोकळा मिळेल, खालचं भाडं चालू राहील, म्हणून आम्हा दोघांच्या मनात भरलंय.

एका भाडेकरूचा प्रश्न नाही, अडचण खालच्या भाडेकरू आजींची आहे. त्या चाळीसेक वर्षं तिथं राहतात, भाडं दीडशे रुपये. कराराचा कागदच नाही. पत्र्याच्या डब्यात जपलेल्या पावत्या त्यांनी स्वतः काढून दाखवल्या, आणि "आता मला कुठं जायला लावू नका" म्हणाल्या. त्यांना काढायचं आमच्या मनातही नाही.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढ करता येते, एवढं वाचलंय. पण दीडशेवर चार टक्के म्हणजे सहा रुपये! घरफाळा आणि कौलांची डागडुजी यातून कशी भागणार?

खरेदीखतात भाडेकरूंचा उल्लेख कसा करून घ्यावा? मालक बदलल्याचं पत्र त्यांना कुणी द्यायचं? दुसऱ्या भाडेकरूचं डिपॉझिट मालकाकडं आहे, ते किमतीतून वजा करायचं ना? प्रॉपर्टी कार्ड काढलंय, सर्च रिपोर्ट वकिलांकडं आहे. असा व्यवहार केलेल्यांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात विसार द्यायचाय.