मदत हवी : भित्र्या कुत्रीला ट्रेनर लावलाय, पुढचे पैसे देऊ का नको?

टिळकवाडीचा_बंड्या
कुणीतरी पटकन सांगा. ट्रेनर घरी येतो, सुरवातीला बरं वाटलं पण आता तो गेटात दिसला की कुत्री सोफ्याखाली जाते आणि तिथंच मुतते. तो म्हणतो महिनाभर माझ्याकडं सोडा, सरळ करून देतो, पण पैसे सगळे आधी. उद्या कळवायचंय. गणपती जवळ आलेत, मंडळ आमच्या दारातच बसतंय. देऊ का नको?

खानापूरची_माई
वय काय, जात कुठली, भिते कशाला? तो माणूस नेमकं करतो काय? काहीच लिहिलं नाहीस की रे.

टिळकवाडीचा_बंड्या
मावशी, सगळ्यालाच भिते ओ. प्रश्न पैशाचा आहे.

माजी_हवालदार
लाड बंद करा. जिथं भिते तिथंच न्यायचं, ढोलासमोर उभं करायचं, दोन दिवसात भीती मोडते.

भटकी_पण_आमची
काका, कुत्री मोडते, भीती नाही. ती गप्प उभी राहिली म्हणजे तिनं हात टेकले, बरी नाही झाली. बंड्या, गळ्यात काय घालतो तो?

टिळकवाडीचा_बंड्या
चोक चेन, ओढली की गळ्याला आवळणारी साखळी. गुरगुरली की झटका. आता गुरगुरत नाही हे मात्र खरं. दीड वर्षाची आहे, मुधोळ, चार महिन्यांची असताना शेतावरनं आणली. हेल्मेटवाले, बुलेट, ढोल, या तिन्हीला जास्त.

गोकाकवाला
मुधोळ!! २००५ साली पोस्टानं तिकीट काढलंय या जातीवर, माहीत आहे का? घोरपडे संस्थानिकांनी जपलेली जात. ससा दिसला की बघा.

भटकी_पण_आमची
हे आधी सांगायचं ना. गुरगुरणं म्हणजे इशारा, तोच बंद पाडला तर पुढच्या खेपेला थेट दात लागतील. आणि पिल्लाला माणसं, गाड्या, आवाज दाखवायचे ते ३ ते १४ आठवड्यांत, ते वय तिचं शेतावरच गेलं, त्यामुळं आता सावकाशच होणार. मोबाइलवर ढोल लाव, इतका बारीक की ती कान टवकारेल पण खाणं सोडणार नाही. आधी आवाज, मग लगेच उकडलेलं चिकन, उलट नको. खाणं सोडलं की समज आवाज जास्त झाला. ट्रेनरला एवढंच विचार, ती चुकली तर तुम्ही काय करता? आणि महिनाभर डोळ्याआड तर अजिबात ठेवू नको.

शहापूर_पेठ
कमांड कन्नडात देतो का मराठीत?

संपादक
बेळगाव सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे.

अनगोळ_नाका
मिरवणुकीला झोपेची अर्धी गोळी द्या, आमच्या आजीची असते ती.

खानापूरची_माई
माणसाची गोळी अंदाजानं देऊ नका ओ! आधी डॉक्टरकडं ने, कान दात दुखत असले तरी कुत्रं असं करतं. फ्लुओक्सेटिनसारखं भीती कमी करणारं औषध डॉक्टरनं दिलंच तर गुण यायला ४ ते ६ आठवडे जातात, विसर्जनाच्या आदल्या दिवशी पळून काय उपयोग.

टिळकवाडीचा_बंड्या
विचारलं. म्हणतो ट्रेनर मी का तुम्ही? नाही म्हणून सांगितलं. आता दिलेला ॲडव्हान्स कसा काढू? आणि मिरवणुकीच्या रात्री काय करू?

भटकी_पण_आमची
मागची खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही चालू. बाहेर फिरवून आण ते उजेड असतानाच. ती कोपऱ्यात बसली तर बसू दे, ओढून काढू नको. तुझ्याजवळ आली तर कुरवाळ, त्यानं भीती वाढत नाही.

माजी_हवालदार
येळ्ळूरला शेतात माझं घर रिकामं आहे, ढोल ऐकू येत नाही. पाहिजे तर त्या रात्री आणून ठेव, पण तू पण राहा.

गोकाकवाला
पिल्लं द्यायची असतील तर एक मला.