मदत हवी आहे: फ्रेमवर फ्रेम चढतेय, विसर्जनाच्या आत उत्तर पाहिजे

टेकडीवरचा_पक्या
मंडळी, लवकर सांगा, विसर्जन तोंडावर आलंय आणि माझ्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात (120ची रुंद फिल्म लागते तो) फोटोवर फोटो चढतायत. सुरुवातीच्या फ्रेम्स नीट येतात, मग मध्येच दोन एकमेकांत घुसलेल्या, परत एक-दोन बऱ्या, परत घोळ. वेताळ टेकडीवरचा सकाळचा अख्खा रोल असाच गेला. लोडिंग बरोबरच करतोय, व्हिडिओ बघून बघून पाठ झालंय. लॅबवाला म्हणतो कॅमेऱ्यात गडबड आहे, रिपेअरवाला म्हणतो कॅमेरा ठणठणीत आहे फिल्मच खराब असेल. हजाराच्या घरात जातो हो एक रोल. नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा, "मोबाइलवर काढ की" वाले लांब राहा प्लीज.

रोलीभक्त
फीलर रोलर. डोळे झाकून सांगतो. रोलीफ्लेक्स ऑटोमॅटला 1937 पासून खालच्या स्पूलजवळ (फिल्मच्या रिळाजवळ) दोन बारीक रोलर आहेत, फिल्ममागचा कागद त्या दोघांच्या मधून घ्यायचा असतो, तू वरून घेतोयस. वरून घेतला की फिल्म कुठे सुरू झाली ते कॅमेऱ्याला कळत नाही.

सदाशिव_120
अहो पण रोलीफ्लेक्स आहे असं तो म्हणालाय कुठे? आणि ते रोलर चुकले तर फिल्म सरकवायची क्रँक 1 वर थांबतच नाही, गरगर फिरत रोल संपतो. याच्या पहिल्या फ्रेम्स नीट आहेत.
पक्या, कॅमेरा कोणता? फिल्म कोणती? आणि निगेटिव्हची पट्टी कापायच्या आधी उजेडासमोर धरून सांग, दोन फ्रेम्समधली गॅप क्रमाक्रमाने कमी होत जातेय का कशीही कमीजास्त होतेय?

डार्करूमवाले_काका
कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत कागदावरचा आकडा बघून फिरवावे, चूक होतच नाही. आमच्या आगफा क्लिक थ्रीवर बाराच्या बारा फोटो स्वच्छ येत. तेव्हा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल मिळायचा, बाथरूमच्या दाराला चादर लावून घरीच धुवायचो. हल्लीच्या मुलांना आकडा बघण्याइतकाही धीर नाही.

टेकडीवरचा_पक्या
काका, लाल खिडकी असती तर इथे कशाला आलो असतो! पेंटाकॉन सिक्स आहे, टीएल. जुन्या बाजारात मिळाला, लेन्स बायोमेटार 80. फिल्म एचपी5. पट्टी आता कुठली अख्खी, लॅबवाल्याने बरोब्बर चढलेल्या जागी कात्री चालवून तुकडे दिलेत. पण गॅप कशीही आहे, एक बोटभर, पुढची शून्य. आणि 12वी अर्धीच.

सदाशिव_120
हे आधी लिहिलं असतंस तर निम्मा धागा वाचला असता. पेंटाकॉनची ही तक्रार जगजाहीर आहे. याला लाल खिडकी नाही, फिल्म किती सरकली ते मापाचा रोलर मोजतो, फिल्म त्याला चिकटून ताणात गेली पाहिजे. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर कसा फिरवतोस? एका दमात शेवटपर्यंत की दोन-तीन झटक्यांत? आणि परत येताना?

टेकडीवरचा_पक्या
एका दमातच. परत आपोआप येतो की, स्प्रिंग आहे ना, टाक् करून जागेवर.

सदाशिव_120
तेच टाक् नकोय! अंगठा लिव्हरवर ठेवूनच त्याला सावकाश मागे आणायचा, सोडून द्यायचा नाही. पेंटाकॉन वापरणारा कुणीही पहिली गोष्ट हीच सांगेल.
दुसरं लोडिंग. खालच्या दोन घुंड्या ओढून स्पूल बसवतोस, त्या परत पूर्ण आत गेल्यात का बघ, एखादी अर्धवट राहिली की स्पूल डुगडुगतो. मग कागदाचं टोक उजव्या स्पूलच्या फटीत सरळ घाल, तिरकं गेलं तर काढून परत घाल. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेपाशी येईपर्यंत डाव्या हाताचा अंगठा भरलेल्या रोलवर हलका दाबून ठेव, कागद ढोलकीच्या पानासारखा ताठ राहिला पाहिजे. बाण खुणेवर आला की थांब, पुढे नेऊ नकोस, झाकण लाव. हे सगळं सावलीत.

मामिया_मावळा
एक शंका. रोलरवर फिल्म घसरली तर रोलर कमी फिरेल, म्हणजे फिल्म जास्त पुढे जाईल, गॅप वाढेल. चढेल कशी? तुमचं लॉजिक उलटं आहे. माझं मत विचाराल तर पूर्व जर्मनीचं ते धूड विकून टाक, मामिया सी330 घे, मी लग्नंच्या लग्नं मारली आहेत त्याच्यावर.

सदाशिव_120
लॉजिक बरोबर आहे तुमचं, म्हणून तर दोन वेगळी कारणं सांगितली. त्याची बोटभर गॅप आहे ती सैल फिल्मची असणार, आणि चढतेय ती लिव्हरमुळे. दोन्ही एकाच रोलवर होऊ शकतं. आणि 1956 पासून, याचं नाव प्राक्टिसिक्स होता तेव्हापासून, लोक या धुडावर काम करतायत. विकायला कशाला लावता.

मामिया_मावळा
काम करतायत आणि धागेही काढतायत 😀

निगेटिव्ह_नाना
फुकटात टेस्ट कर. वाया गेलेली फिल्म जुन्या कागदाला टेपने चिकटवून डमी रोल बनव, लेन्स काढ, बी वर (दाबून धरू तोवर शटर उघडं) केबल रिलीझने, म्हणजे शटर दाबायच्या वायरने, शटर उघडं ठेव आणि पेनने फिल्मवर चौकट आखून घे. वाइंड, परत आख. शेवटी उलगडून पट्टीने मोज.

सदाशिव_120
पेन अजिबात नको! शटरचा पडदा कापडी आहे, केबल निसटली की पेनावरच बंद होईल.

निगेटिव्ह_नाना
लॉकवाली केबल घ्यायची, मऊ टोकाचं स्केचपेन घ्यायचं, अख्खी चौकट नको, कोपऱ्यात टिंबं पुरे. आमचं कुणाचंच शटर फाटलेलं नाही.

रेशमी_लेन्स
अवांतर: मिरवणुकीत हे धूड कशाला? लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकांमध्ये रोल बदलणार कुठे तू? अलका चौकात तर हात खिशातून बाहेर काढता येत नाही.

रोलीभक्त
वेस्ट लेव्हल फाइंडर (कमरेशी धरून वरून बघायचा) असेल तर कॅमेरा डोक्यावर उलटा धरायचा आणि खालून वर बघायचं, गर्दीच्या वरून फोटो येतो. कसब्याचा गणपती मी असाच काढलाय.

टेकडीवरचा_पक्या
नानांची टेस्ट केली, स्केचपेननेच. लिव्हर धरून मागे आणला. एकही फ्रेम चढली नाही, गॅप 5 ते 8 मिलिमीटरमध्ये. मग मुद्दाम लिव्हर सोडून बघितला तर लगेच दोन चिकटल्या. पण 12वी याही वेळी पट्टीच्या बाहेर गेली. म्हणजे कॅमेरा खराबच ना?

सदाशिव_120
नाही रे. हिशोब कर. 56 मिलिमीटरच्या 12 फ्रेम्स म्हणजे 672, गॅप 8 धरली तरी 11 गॅपचे 88, एकूण 760. फिल्म 80 सेंटिमीटरच्या वर असते. मावायला पाहिजे. डमी रोलमध्ये तू फिल्म हाताने चिकटवलीस, ती कागदाच्या सुरुवातीकडे एखादा इंच सरकून बसली असेल तर शेवटची जाणारच, तेव्हा डमीतली 12वी धरू नकोस. खऱ्या रोलवर मात्र बोटभर गॅप होत्या, त्यांनीच 12वी खाल्ली असेल. त्या गेल्यावरही अर्धी आली तर झाकण लावायच्या आधी बाण खुणेच्या पुढे जातोय. मिरवणुकीला 11वर थांब, 12वीवर बाप्पा ठेवू नकोस. आणि लॅबवाल्याला रोलबरोबर चिठ्ठी दे: पट्टी कापू नये.

याशिका_प्रेमी
चांगला धागा. माझ्या याशिका मॅट 124जीची प्रेशर प्लेट (फिल्म मागून दाबून धरणारी पट्टी) 24 वर आहे, साधा 120 टाकला तर चालेल का?

सदाशिव_120
12 वर करा. 24 हे 220 नावाच्या फिल्मसाठी, त्याला फिल्मच्या मागे कागद नसतो. बाकी नवीन धागा काढा, आणि कॅमेऱ्याचं नाव असंच पहिल्या ओळीत लिहा.