ब्लाउजचा वेल्क्रो आणि बाहीची अडचण

हात नीट चालत नसेल तर ब्लाउजला हुकांऐवजी वेल्क्रो लावा, असं सुचवतात, ते अगदी पटलं. फक्त सलग पट्टी लावू नका, ती ओढायलाच जोर लागतो. आईच्या ब्लाउजला इंच-इंचाचे चार तुकडे पुरले. धुताना ते बंद ठेवायचे, नाहीतर त्यात दोरे-केस अडकून पकड जाते. वरून नुसती शोभेची बटणं शिवून घेतली. चारचौघांत ब्लाउज वेगळा दिसू नये, ही तिची एकच अट होती.

खरी अडचण बाहीची. अर्धांगवायूनंतर तिचा डावा हात फारसा वर जात नाही. म्हणून बाही सैल करून बगलेत चौकोनी जोड दिला. घालताना दुखरा हात आधी, काढताना तोच शेवटी. हे फिजिओथेरपिस्टनी दाखवेपर्यंत आम्ही रोज उलटंच करत होतो आणि ती निमूट सोसत होती.