वैद्यकीय शब्द फोडून शिकताना संस्कृतचा आधार घ्यावा का?

कोथरूडची विद्यार्थिनी:
सप्रेम नमस्कार. माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी पुण्यात मेडिकल कोडिंग, म्हणजे आजार व उपचारांच्या नोंदींना ठरलेले कोड देण्याचे काम, शिकत आहे. शब्द पाठ करू नका, त्यांचे घटक ओळखा, असे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आले, म्हणून अप्पा बळवंत चौकातून एक जुना वैद्यकीय शब्दकोशही आणला. 'आयटिस' म्हणजे दाह, हे कळल्यावर गॅस्ट्रायटिस आणि आर्थ्रायटिस सुटले. परंतु मूत्रपिंडासाठी कुठे 'नेफ्रो' तर कुठे 'रीनल' का येते, हे उमगत नाही, आणि 'एक्टॉमी', 'ऑटॉमी', 'ऑस्टॉमी' यांत तर पुरता गोंधळ उडतो. संस्कृतची मदत होईल, असे आजोबा म्हणतात. ते कितपत खरे आहे?

निवृत्त परिचारिका, कसबा पेठ:
ताई, शब्द शेवटाकडून वाचायची सवय लावा. ग्रीक भाषेत 'टोम' म्हणजे कापणे, 'एक्' म्हणजे बाहेर आणि 'स्टोमा' म्हणजे तोंड. त्यामुळे गॅस्ट्रेक्टॉमीत जठर किंवा त्याचा भाग कापून काढतात, गॅस्ट्रॉटॉमीत जठराला केवळ छेद देतात, तर गॅस्ट्रॉस्टॉमीत पोटावरून थेट जठरात तोंड करतात, म्हणजे गिळता न येणाऱ्या पेशंटला नळीने अन्न देता येते. मूत्रपिंडाचे म्हणाल, तर 'नेफ्रो' ग्रीक आणि 'रीनल' लॅटिनमधून आलेले. रोगांच्या व शस्त्रक्रियांच्या नावांत बहुधा ग्रीक, विशेषणांत बहुधा लॅटिन. म्हणून नेफ्रायटिस, पण रीनल आर्टरी.

निवृत्त संस्कृत शिक्षक, सदाशिव पेठ:
आपल्या आजोबांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, कारण ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातील भाषा आहेत. ग्रीक 'ऑस्टिऑन' आणि आपले 'अस्थि', लॅटिन 'जेनु' आणि 'जानु', ग्रीक 'हेपार' आणि 'यकृत्' ही सगळी सख्खी भावंडे, जरी शेवटच्या जोडीचे नाते कानाला पटणार नाही. 'मेगॅलि'मधला 'मेगॅस' हा 'महत्'चा नातलग आहे. तेव्हा हेपॅटोमेगॅली म्हणजे यकृत मोठे होणे, हे विसरणे कठीणच. मला सर्वांत मौज वाटते ती नकाराची: संस्कृतात व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' येतो, जसे अज्ञान आणि अनादि. ग्रीकमध्येही तोच नियम आहे, म्हणून श्वास थांबणे ते ॲप्निया आणि लघवी न होणे ते अन्युरिया.

मेडिकल कोडर, हिंजवडी:
सरांचे म्हणणे मान्य, परंतु नातेसंबंधावरून अर्थाचा अंदाज बांधू नये. 'उप' आणि 'हायपो' एकाच मुळाचे असले, तरी आपला 'उप' प्रामुख्याने जवळ असणे दाखवतो, तर 'हायपो' खाली किंवा कमी असणे. ॲनिमियाचा शब्दशः अर्थ 'रक्त नाही' असा निघतो. प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असते, रक्त संपलेले नसते. हायपरटेन्शनमधले 'टेन्शन'ही रक्तदाबाचे आहे, घरोघरी घेतले जाते ते नव्हे.

आणखी एक सूचना, मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी: टिपणे देवनागरीत काढू नका. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड, दोन्ही आपण 'इलियम' असेच लिहितो. रोमन लिपीत मात्र पहिल्याचे तिसरे अक्षर 'ई' आहे आणि दुसऱ्याचे 'आय'. ही चूक मी स्वतः केली आहे आणि आतड्याच्या जागी हाडाचा कोड लावून संपूर्ण केस परत आलेली पाहिली आहे.

कोथरूडची विद्यार्थिनी:
सर्वांची मी आभारी आहे. माझी वही देवनागरीतच होती. आज ती पुन्हा लिहायला घेतली आहे. सरावासाठी शेवटाकडून एक शब्द फोडून पाहिला: परक्युटेनियस नेफ्रोलिथोटॉमी. 'टॉमी' छेद, 'लिथो' खडा, 'नेफ्रो' मूत्रपिंड, 'क्युटेनियस' त्वचेचे आणि 'पर' म्हणजे मधून. अर्थात त्वचेतून छोटा छेद घेऊन मूत्रपिंडातला मुतखडा काढणे. बरोबर आहे का?

निवृत्त परिचारिका, कसबा पेठ:
अगदी बरोबर. आमच्याकडे त्याला सगळे पीसीएनएल म्हणत, तेही टिपून ठेवा. केसपेपरवर पूर्ण शब्द क्वचितच लिहिलेला सापडेल.