निर्दोष सुटल्यावर ठसे पुसले जातात का?

अनेकांना वाटतं की निर्दोष सुटलं की पोलिसांकडचे बोटांचे ठसे आपोआप पुसले जातात. तसं नाही. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात मोजमापं (म्हणजे बोटांचे ठसे वगैरे) ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. नष्ट व्हायची तर आधी कारावासाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, सरकारपक्षाचं अपीलही निकाली निघालेलं असावं आणि न्यायालयाने लेखी कारणं देऊन उलटा आदेश दिलेला नसावा. शिवाय नियमांनुसार राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज हवा. निकालाची प्रमाणित प्रत जोडाच. तो अधिकारी या नोंदींचा दुसऱ्या गुन्ह्याशी दुवा नाही ना हे तपासून त्या नष्ट करण्याची शिफारस एनसीआरबीला (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला) करतो. मात्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून आधीच कुणी उतरवून घेतलेल्या एफआयआरच्या प्रतीला यातलं काहीच लागू होत नाही, आणि नोकरी तिच्यामुळेही अडू शकते.