गिरणारेजवळचं कंटेनर-कॉटेज: घ्यावं की सोडावं?

मनीषा_इंदिरानगर
हे मार्चमध्ये सातपूरच्या कंपनीतून रिटायर झाले. पीएफचे पैसे आलेत आणि नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या पुढे, काश्यपी धरणाच्या बाजूला एक तयार कॉटेज मनात भरलंय. चाळीस फुटी कंटेनर, म्हणजे 320 चौरस फूट. दोन खोल्या, संडास-बाथरूम, पुढे लाकडी डेक. किंमत साडेअकरा लाख. जागा मात्र आपल्या नावावर होत नाही. जागाभाडं वर्षाला 60 हजार, करार दहा वर्षांचा. आपण नसू तेव्हा विकणारेच ते पाहुण्यांना भाड्याने देणार, 30 टक्के त्यांचे. महिन्याला 15 रात्री जातात, रात्रीला 3,500 मिळतात आणि 2027च्या कुंभात तर सगळे पैसे वसूल, असं ते सांगतात.

मागच्या रविवारी आम्ही मुद्दाम भर पावसात गेलो. पत्र्यावर असा पाऊस, की शेजारी बसून बोललेलं ऐकू येईना. तरी मला तिथून उठवत नव्हतं. बाथरूमच्या उंबऱ्यापाशी मात्र पाय दबला. वाकून अंगठ्याने दाबलं तर खालचा प्लाय फुगलेला, वर अंथरलेल्या विनाइल शीटच्या कडेने पाणी वर आलं. खिडकीखालच्या स्क्रूपासून गंजाचा ओघळ थेट खालपर्यंत. कॉटेजने तीनच पावसाळे काढलेत.

सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना डोळ्यांपुढे शिवार हवं असतं, म्हणून जीव अडकलाय. मुलगा म्हणतो एफडी करा. तुम्ही काय कराल?

अंबड_फॅब्रिकेशन
ताई, मी हेच काम करतो. कंटेनरचं मूळ पोलाद चिवट असतं, पण खिडकी-दारासाठी जिथे कापून वेल्डिंग केलं तिथे प्रायमर नीट नसेल तर गंज धरतोच. तो ओघळ घासून रंगवता येईल. फरशीची भीती जास्त. बाथरूमचं पाणी प्लायखाली मुरत असेल तर खालचे लोखंडी चॅनल खातं. विनाइल उचलून दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा. पत्रा आणि आतल्या पॅनलमध्ये पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलाय का, तेही बघा. नुसतं थर्माकोल असेल तर एप्रिलमध्ये दुपारी आत बसवणार नाही.
आणि करार संपला की डबा न्यायचा कसा? हायड्रा क्रेन लागेल, ट्रेलर लागेल, आणि तो ठेवायला जागा लागेल.

त्र्यंबकरोड_दोनखोल्या
माझ्या दोन खोल्या भाड्याने जातात, म्हणून सांगतो. 15 रात्री हा हिशोब मला पटत नाही. माझी एक खोली मागच्या वर्षी 74 रात्री गेली: पावसाळ्यातले शनिवार-रविवार, दिवाळी, डिसेंबर. मार्च ते मे जवळजवळ रिकामी. तुमच्या दराने 2,59,000 होतात. 30 टक्के गेले, 60 हजार जागाभाडं गेलं, उरले 1,21,300. यातून वीज, चादरी, पाण्याचा टँकर, दुरुस्ती. आणि डबा दरवर्षी जुना होतो, जमिनीसारखा वाढत नाही.
कुंभावर हिशोब बांधू नका. पहिली दोन मोठी स्नानं 2 ऑगस्ट आणि 31 ऑगस्ट 2027ला, ऐन पावसात. 2015च्या पर्वण्यांना खासगी गाड्या शहराबाहेरच अडवल्या होत्या. गिरणारेहून पाहुणा जाणार कसा?

निवृत्त_तलाठी
वहिनी, आधी सातबारा मागा. जमीन विकणाऱ्याच्याच नावावर आहे का? इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का? बिगरशेती झाली आहे का? शेतजमिनीवर परवानगीशिवाय असा धंदा चालवला तर नोटीस जमीनमालकाला येते, पण हलवायचा डबा तुमचा असतो. पुढे कधी 'एक गुंठा नावावर करून देतो' म्हणाले तर लक्षात ठेवा, 1948च्या कुळकायद्याने बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. जागाभाडं किती वाढेल आणि जमीन तिसऱ्याला विकली तर काय, ही दोन वाक्यं त्यात असल्याशिवाय टोकनही देऊ नका.

मनीषा_इंदिरानगर
काका, सातबारा मागितला. जमीन त्यांच्या चुलत्याच्या नावावर निघाली, आणि 'नोंदणी कशाला, स्टॅम्पपेपरवर करू' म्हणाले. विनाइल उचलायचा विषय काढला तर फोन ठेवला.
टोकन दिलेलं नाही, आता देणारही नाही. सासूबाईंना मात्र शब्द दिलाय, तेव्हा त्याच भागात कुणाच्या मळ्यावर दोन रात्री भाड्याने राहायचं म्हणतो. तळमजल्याची खोली, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि समोर शेत, अशी जागा कुणाला माहीत आहे का?